विश्लेषण: पोकेमॉनच्या पोटात दडलेले आकडे, एका ‘परफेक्ट’ प्राण्यासाठी पोलीस दारात का आले?

एप्रिल २०२४ मध्ये जपानच्या कोची प्रांतातल्या पोलिसांनी (हे केरळचं कोची नव्हे, शिकोकू बेटावरचं) ३६ वर्षांच्या एका माणसाला अटक केली. त्यानं ना कुणाच्या घरात चोरी केली होती, ना कुणाचं बँक खातं रिकामं केलं होतं. ‘पोकेमॉन व्हायोलेट’ या व्हिडिओ गेमच्या सेव्ह डेटामध्ये फेरफार करून तयार केलेले पोकेमॉन त्यानं ऑनलाइन विकले, असा त्याच्यावर आरोप होता. किंमत १३ हजार येनपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या दरानं साधारण सात हजार रुपये.

हे पहिलंच प्रकरण नव्हतं. २०२१ मध्ये नागोयातल्या २३ वर्षांच्या तरुणावरही अशीच कारवाई झाली होती. ‘सॉबल’ नावाचा एक पोकेमॉन ४,४०० येनला विकल्याचं ते प्रकरण होतं.

गेममध्ये पोकेमॉन तर फुकट पकडता येतात, गवतात चार पावलं चाललं की समोर येतात. मग त्यांच्यासाठी कुणी हजारो रुपये का मोजेल? याचं उत्तर गेमच्या पडद्यावर दिसत नाही. ते आहे प्रत्येक पोकेमॉनच्या पोटात दडलेल्या काही आकड्यांमध्ये.

एकाच जातीचे दोन पोकेमॉन सारखे का नसतात?

समजा, दोन मित्रांकडे ‘गार्चॉम्प’ हा एकच पोकेमॉन आहे. लेव्हल सारखी, चालीही सारख्या. तरी एकाचा गार्चॉम्प दरवेळी आधी वार करतो आणि दुसऱ्याचा मार खातो. असं का?

प्रत्येक जातीला एक ठरलेला पाया असतो. गार्चॉम्पचा वेगाचा पाया १०२, आणि तो जगातल्या सगळ्या गार्चॉम्पसाठी सारखाच. पण पोकेमॉन पहिल्यांदा तुमच्यासमोर येतो, त्या क्षणी गेम त्याला सहा वेगळे आकडे वाटतो: जीव, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग या प्रत्येकासाठी ० ते ३१ मधला एक. याला खेळाडू ‘इंडिव्हिज्युअल व्हॅल्यू’ किंवा थोडक्यात ‘आयव्ही’ म्हणतात. आपल्याकडची जन्मपत्रिका समजा. फरक एवढाच, की ही पत्रिका खरोखर लागू पडते.

त्यावर दोन गोष्टींची भर पडते. एक म्हणजे मेहनतीचे आकडे, ‘एफर्ट व्हॅल्यू’ किंवा ‘ईव्ही’. तुमच्या पोकेमॉननं कुणाला हरवलं, यावर ते वाढतात. पाण्याबाहेर नुसता तडफडणारा मॅजिकार्प हरवला, तर वेगाचा एक गुण मिळतो. एका गुणधर्मात जास्तीत जास्त २५२ आणि एकूण ५१०, अशी मर्यादा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे ‘नेचर’, स्वभाव. स्वभाव २५ प्रकारचे. त्यातले पाच तटस्थ. बाकीचे एक गुणधर्म दहा टक्क्यांनी वाढवतात आणि दुसरा दहा टक्क्यांनी कमी करतात.

आता हिशेब मांडू. अधिकृत स्पर्धांमध्ये सगळे पोकेमॉन लेव्हल ५० वर आणले जातात. वेगाला पोषक स्वभाव, वेगाचे पूर्ण २५२ मेहनतीचे गुण आणि ३१ चा जन्मजात आकडा असलेल्या गार्चॉम्पचा वेग येतो १६९. बाकी सगळं तेच ठेवून जन्मजात आकडा फक्त ३० केला, तर वेग १६८. एका गुणाचा फरक. पण वेगाची गंमत अशी, की त्यात थोडक्यात हुकलं असं काही नसतं. १६९ वाला आधी वार करतो, १६८ वाला नंतर. पहिल्याच वारात खेळ संपला, तर तो एक गुण म्हणजे अख्खा सामना. आणि जन्मजात आकडा शून्य असेल, तर वेग १५१ वर येतो. मग त्या गार्चॉम्पच्या पुढे गार्चॉम्पच नव्हे, इतर जातींचे कितीतरी पोकेमॉन निघून जातात.

खेळणाऱ्या मुलाला यातलं काय दिसायचं? काहीच नाही. त्याला दिसायचा तो फक्त शेवटचा बेरजेचा आकडा.

आकडे लपवले कशासाठी?

‘पोकेमॉन रेड’ आणि ‘ग्रीन’ हे पहिले गेम जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ ला आले, निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रावर. जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडायचा नाद होता, आणि दोन गेम बॉय जोडणाऱ्या केबलमधून मुलांनी पकडलेले प्राणी एकमेकांना द्यावेत, ही त्या गेममागची मूळ कल्पना. आता देवाणघेवाण करायची, तर तुझा पिकाचू आणि माझा पिकाचू वेगळा असायला हवा. दोन्ही तंतोतंत सारखे असतील, तर अदलाबदल कशाला करायची?

पण यंत्राची मेमरी अगदी तुटपुंजी. तेव्हा आकडे ० ते १५ मधलेच होते आणि चारच साठवले जायचे. पाचवा, जीवाचा आकडा, साठवतच नसत. उरलेले चार सम आहेत की विषम, यावरून तो काढला जायचा. फाटक्या कापडातून सदरा बेतावा, तशी ही काटकसर होती.

१९९९ च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये ही काटकसर आणखी पुढे गेली आणि तिचे विचित्र परिणाम झाले. या गेम्सनी नर-मादी भेद आणला, वेगळ्या रंगाचे दुर्मीळ ‘शायनी’ पोकेमॉनही आणले. (कथेत तळ्यावर भेटणारा लाल ग्याराडोस अनेकांना आठवत असेल.) पण या गोष्टींसाठी नवे आकडे न ठेवता जुनेच वापरले. बचाव, वेग आणि विशेष हे तिन्ही बरोबर १० असतील आणि हल्ल्याचा आकडा ठरावीक आठांपैकी एक असेल, तर पोकेमॉन शायनी. याची शक्यता ८,१९२ मध्ये एक. म्हणजे जो रंगानं सगळ्यात दुर्मीळ, तो ताकदीत कधीच अव्वल असू शकत नव्हता, कारण त्याचे तीन आकडे दहावरच अडकलेले.

लिंग ठरायचं हल्ल्याच्या आकड्यावरून. ज्या जातींत नर-मादी निम्मे-निम्मे, तिथे ० ते ७ असेल तर मादी, ८ ते १५ असेल तर नर. याचा सरळ अर्थ असा, की अशा जातीतली कुठलीही मादी जन्मजात हल्ल्यात कुठल्याही नराच्या मागेच. सुरुवातीला निवडायला मिळणाऱ्या पोकेमॉनमध्ये आठातली एकच मादी असते. तिथे तर मादीचा आकडा ० किंवा १. आणि शायनीसाठीच्या आठ आकड्यांत ० आणि १ नाहीतच. म्हणजे त्या गेम्समध्ये सुरुवातीच्या पोकेमॉनची शायनी मादी असणं गणितानंच अशक्य होतं. मेमरी वाचवायला एक आकडा दोन कामांना जुंपला आणि त्यातून मुलांच्या खेळात मुली कमकुवत ठरल्या. कुणी मुद्दाम केलं असं म्हणायला आधार नाही, पण हिशेबाची वही अशीच असते. कुठले दोन रकाने एकत्र करायचे, हा निर्णय निव्वळ तांत्रिक कधीच राहत नाही.

एका संख्येतून रंग, स्वभाव आणि नशीबही

२००२ मध्ये ‘रुबी’ आणि ‘सफायर’ आले तेव्हा हा गुंता सुटला. ताकदीचे सहा आकडे वेगळे झाले (तेव्हापासून ० ते ३१), आणि बाकी ओळखीसाठी प्रत्येक पोकेमॉनला एक स्वतंत्र मोठी संख्या मिळाली. तिला ‘पर्सनॅलिटी व्हॅल्यू’ म्हणतात. तिच्या शक्यता ४२९ कोटींहून जास्त.

या एका संख्येतून गेम किती गोष्टी काढतो, ते बघण्यासारखं आहे. तिला २५ नं भागून जी बाकी उरते, तो स्वभाव. ती सम की विषम, यावरून दोनपैकी कोणती क्षमता मिळणार ते ठरतं. तिच्या शेवटच्या भागावरून लिंग. खेळाडूला दिलेल्या दोन क्रमांकांशी तिची तुलना करून शायनी आहे की नाही, ते ठरतं. त्या दोन क्रमांकांपैकी एक तर खेळाडूलाही कधी दाखवला जात नाही. स्पिंडा नावाच्या डुलत चालणाऱ्या पोकेमॉनच्या अंगावरचे ठिपके कुठे पडणार, हेही तिच्यातूनच येतं. म्हणून हुबेहूब सारखे दोन स्पिंडा भेटणं जवळपास अशक्य.

आणि वर्मपल नावाचा सुरवंट. तो सातव्या लेव्हलला कोश होतो, पण कोश दोन प्रकारचे: एकातून फुलपाखरू, दुसऱ्यातून पतंग. तुम्ही त्याला कसं वाढवता, याचा यात काडीचाही संबंध नाही. पकडला त्याच क्षणी त्याचं भविष्य ठरलेलं असतं.

आकडे फुटले आणि ‘वेगळेपण’ संपलं

लपवलेल्या गोष्टी फार काळ लपत नाहीत. खेळाडूंनी गेमचा कोड उकलला, सूत्रं काढली, शेवटच्या बेरजेवरून मूळ आकडा शोधणारी गणकयंत्रं इंटरनेटवर आली. आणि जी गोष्ट प्रत्येक प्राणी वेगळा असावा म्हणून बनवली होती, तिनंच सगळ्यांना एकसारखं करायला सुरुवात केली. कारण ३१ हा सर्वोत्तम आकडा आहे हे एकदा कळल्यावर ३० वाला कोण घेईल?

सहाच्या सहा आकडे निव्वळ नशिबानं ३१ येण्याची शक्यता सुमारे १०७ कोटींत एक. हवा तो स्वभावही पाहिजे असेल, तर आणखी २५ पट कमी. म्हणून खेळाडू अंडी उबवायला लागले. चांगले आकडे असलेल्या आईबापांच्या जोड्या लावायच्या, ‘डेस्टिनी नॉट’ नावाची वस्तू धरायला द्यायची म्हणजे आईबापांच्या बारा आकड्यांपैकी पाच पिल्लात उतरतात, आणि सायकल फिरवत अंडी फुटायची वाट बघायची. शेकडो अंडी. मनासारखं न निघालेलं पिल्लू एक तर सोडून द्यायचं किंवा अनोळखी माणसाच्या गळ्यात मारायचं. मुलांच्या गेममधला हा भाग मला तरी अस्वस्थ करतो, पण त्यात रमणारेही लाखो आहेत.

काहींनी त्याहून हुशार वाट शोधली. संगणकाचं ‘नशीब’ खरं नशीब नसतं. ती एका सूत्रातून निघणारी लांबलचक मालिका असते. ‘एमराल्ड’ या गेममध्ये ही मालिका दरवेळी गेम सुरू केला की शून्यापासूनच सुरू होते. म्हणजे सेकंदाचा साठावा भाग साधून बटण दाबलं, तर हवा तो पोकेमॉन मिळवता येतो. यात गेमच्या फाइलला हातही लावलेला नसतो. याला फसवणूक म्हणायचं की कौशल्य, यावर खेळाडूंमध्ये आजही हमरीतुमरी होते.

आणि तिसरी वाट सगळ्यात सोपी: संगणकावर सेव्ह फाइल उघडायची आणि आकडे टाइप करायचे. दोन मिनिटांचं काम. जपानमध्ये अटक झाली ती याच्याच विक्रीसाठी.

योकोहामात काय घडलं?

ऑगस्ट २०२३ मध्ये पोकेमॉनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदाच जपानमध्ये, योकोहामाला झाली. तिथे आयोजकांनी खेळाडूंच्या पोकेमॉनची तपासणी कडक केली आणि वर्षभर पात्रता फेऱ्या जिंकून आलेले अनेक जण बाद झाले किंवा सामने गमावून बसले. मग समाजमाध्यमांवर जी भांडणं पेटली, ती अजून पुरती विझलेली नाहीत.

बाद झालेल्यांची बाजू अशी: आम्हाला सामन्यात कुठलाही बेकायदा फायदा मिळालेला नाही. आमच्या पोकेमॉनचे आकडे तेच, जे दुसऱ्यानं दोनशे अंडी उबवून मिळवले. फरक वेळेचा. आणि पैशाचाही. त्या हंगामात जुन्या गेममधले पोकेमॉन नव्या गेममध्ये आणायची सोय मे महिन्याच्या अखेरीस सुरू झाली, म्हणजे स्पर्धेच्या जेमतेम अडीच महिने आधी. तेव्हा ज्याच्याशिवाय संघ अपुरा वाटायचा, तो उर्शिफू मिळायचा ‘स्वोर्ड’ किंवा ‘शील्ड’ या आधीच्या गेममध्ये, तोही वेगळे पैसे देऊन घ्यायच्या जादा भागात. नियमानं खेळायचं तर जुना गेम विकत घ्या, जादा भाग घ्या, तास घालवा आणि मग नव्या गेममध्ये या.

दुसरी बाजूही तेवढीच रोखठोक: नियम सगळ्यांना माहीत होता. ज्यांनी ते तास खरोखर घालवले, त्यांनी मग मूर्खपणा केला का? शिवाय तयारीचा वेळ वाचवणं हाही फायदाच. अंडी उबवण्यात गेलेले दिवस एकाला सरावाला मिळतात, दुसऱ्याला मिळत नाहीत.

माझ्या मते दुसरी बाजू नियमानं बरोबर आहे आणि पहिली बाजू नियमावरच बोट ठेवते. कौशल्याची स्पर्धा म्हणायची, आणि तिच्या दारात पात्रता फेऱ्यांशिवाय शंभर तासांचं काबाडकष्टाचं तिकीट ठेवायचं, हे जुळत नाही. नोकरी करणारा, घर सांभाळणारा किंवा एकच गेम परवडणारा खेळाडू त्या दारातच अडतो.

एक गंमत मात्र अशी, की बनावट पोकेमॉन ओळखणं वाटतं तितकं सोपं नाही. जुन्या गेम्समध्ये पर्सनॅलिटी व्हॅल्यू आणि ताकदीचे आकडे एकाच मालिकेतून लागोपाठ निघायचे, त्यामुळे दोन्हींचा मेळ बसला नाही की चोरी पकडता यायची. पुढच्या गेम्समध्ये हा धागा बराच सैल झाला. मग तपासणी अशक्य गोष्टींचा माग काढते: जिथे मिळूच शकत नाही अशा ठिकाणी पकडलेला, जो चेंडू त्या जातीला वापरताच येत नाही त्यात असलेला, किंवा ‘पोकेमॉन होम’ या सेवेतून आल्याशिवाय या गेममध्ये असूच शकत नाही, पण त्या सेवेची खूणच अंगावर नाही असा. ज्यानं आकडे टाइप करताना गाढवपणा केला तो सापडतो. ज्यानं काळजी घेतली, तो सुटू शकतो.

कंपनी काय करतेय?

कंपनीला हे कळत नाही असं नाही. २०१६ च्या ‘सन’ आणि ‘मून’मध्ये खेळाडूला आकड्यांचा दर्जा सरळ पडद्यावर बघता येऊ लागला, आणि बाटलीची बुचं आली: लेव्हल १०० च्या पोकेमॉनला बूच दिलं की तो आकडा ३१ धरला जातो. ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मध्ये ही अट लेव्हल ५० वर आली. २०१९ पासून ‘मिंट’ची पानं देऊन स्वभावाचा परिणामही बदलता येतो.

यात एक फट राहिली. बूच आकडा फक्त वाढवतं. पण काही डावपेचांना शून्य लागतो! ‘ट्रिक रूम’ ही चाल खेळली की सगळ्यात मंद पोकेमॉन आधी वार करतो. तिथे वेगाचा ३१ म्हणजे ओझं. आता परफेक्ट मिळवणं सोपं झालं आणि वाईट मिळवणं कठीण.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केवळ लढतींसाठी असलेल्या ‘पोकेमॉन चॅम्पियन्स’ची घोषणा झाली. त्यात सामने खेळून मिळालेले गुण खर्च करायचे आणि पोकेमॉनची ताकद हवी तशी बसवायची, अशी सोय दाखवली गेली. अंडी, सायकल वगैरे भानगड नाही. मेहनत आहे, पण ती खेळण्यातूनच होते.

भारतातल्या खेळाडूंचा याच्याशी काय संबंध?

आपल्याकडे बहुतेकांची पोकेमॉनशी ओळख आधी कार्टून नेटवर्कवर हिंदीतून झाली आणि मग ‘पोकेमॉन गो’मुळे. डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या साथीनं हा मोबाइल गेम भारतात अधिकृतपणे आला. त्यातही छुपे आकडे आहेत: हल्ला, बचाव आणि जीव, प्रत्येकी ० ते १५. एकूण ४,०९६ जोड्या. तिन्ही १५ असलेल्याला खेळाडू ‘हंडो’ म्हणतात, आणि गेममधली तारे देऊन दर्जा सांगणारी सोय बघितली की कमी ताऱ्यांचे पोकेमॉन एका कँडीच्या बदल्यात प्रोफेसरकडे पाठवायची जवळपास सगळ्यांची सवय असते.

तुम्हीही खेळत असाल, तर इथे जरा थांबा. ‘ग्रेट लीग’मध्ये पोकेमॉनची एकूण ताकद, म्हणजे सीपी, १,५०० च्या आत असावी लागते. हा सीपी मोजताना हल्ल्याला जास्त वजन दिलं जातं. त्यामुळे हल्ल्याचा आकडा कमी आणि बाकीचे दोन जास्त असतील, तर त्याच मर्यादेत पोकेमॉनला आणखी वर नेता येतं आणि तो जास्त वेळ टिकतो. तिथे अनेक जातींमध्ये १५-१५-१५ पेक्षा ०-१५-१५ सरस ठरतो. तुम्ही कँडीच्या बदल्यात पाठवून दिलेल्यांत तोही असू शकतो.

मग पोलीस यात कसे?

जपानमध्ये ‘अनुचित स्पर्धा प्रतिबंधक कायदा’ आहे. २०१८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि गेमच्या सेव्ह डेटामध्ये फेरफार करून देण्याची सेवा विकणं त्याच्या कक्षेत आलं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख येनपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कारवाईचा रोख विक्रेत्यांवर आहे. कोचीच्या प्रकरणातल्या विक्रेत्याकडे लोक आपल्या मागणीप्रमाणे पोकेमॉन बनवून घेत, म्हणजे घेणाऱ्यांना आपण काय घेतोय ते ठाऊक होतं. फसवणूक झाली ती गिऱ्हाइकाची नव्हे, गेमच्या नियमांची.

बूच वापरून सुधारलेल्या पोकेमॉनची एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. त्याचा मूळ आकडा गेम पुसत नाही. लढताना तेवढा ३१ धरतो. आत मात्र जन्माच्या वेळचा ७ किंवा १२ तसाच असतो. पुढे त्याचं अंडं आलं, तर पिल्लात उतरतो तो हाच जुना आकडा.